रक्तात प्रतिपिंडे असूनही नागीण का उठते? टी पेशींच्या कामाविषयी

शमिका_गिरगाव (धागाकर्ती)

माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांना अलीकडे नागीण झाली. डाव्या बरगडीखालून पाठीच्या कण्यापर्यंत गेलेला चार बोटे रुंदीचा पट्टा, त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस, आणि फोड दिसण्याच्या आधीपासून त्याच जागी साडीचा पदरसुद्धा टेकू न देणारी आग. चाळीतल्या बायका भेटायला आल्या तेव्हा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न विचारला: नागिणीची दोन टोके जुळली तर माणूस वाचत नाही, हे खरे का? सासूबाईंचा प्रश्न मात्र वेगळा होता आणि मला तो फार नेमका वाटला. ‘‘लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की शरीर ते लक्षात ठेवते, असे तूच मुलांना शिकवतेस ना? मग माझ्या शरीराने काय लक्षात ठेवले?’’

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. या प्रश्नाचे उत्तर एका बैठकीत देता येण्यासारखे नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

चाळीतल्या प्रश्नाचे उत्तर लवकर देता येते. नागीण एका विशिष्ट मज्जातंतूच्या हद्दीत उठते, आणि शरीराच्या डाव्या व उजव्या बाजूंचे हे मज्जातंतू वेगवेगळे असून मध्यरेषेशी संपतात. त्यामुळे ती सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. टोके जुळण्याच्या समजुतीला काहीही आधार नाही. या समजुतीने होणारे नुकसान असे की, घरचे लोक लेप लावून टोके जुळतात का ते पाहत बसतात आणि पहिले तीन दिवस हातचे जातात. विषाणुरोधक गोळ्यांचा सर्वांत चांगला उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास होतो.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळते. कांजिण्या आणि नागीण या दोन्हींचा विषाणू एकच आहे, हे १९५०च्या दशकात थॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत विषाणू वाढवून दाखवले. पुढे १९६५ मध्ये इंग्लंडमधील एडगर होप-सिम्पसन या साध्या गावच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून असे मांडले की, कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून राहतो आणि प्रतिकार एका मर्यादेखाली उतरला की पुन्हा डोके वर काढतो. त्यांनी ज्याला ‘प्रतिकार’ म्हटले तो नेमका शरीराच्या कोणत्या घटकाचा, हे कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

आपण ‘प्रतिकारशक्ती’ म्हणतो तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, येतात. ही प्रथिने बी पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी तयार करतात. ती रक्तात आणि शरीरातील इतर द्रवांत फिरतात, समोर आलेल्या विषाणूला चिकटतात आणि त्याला नव्या पेशीत शिरू देत नाहीत. हे काम मोठे आहे, परंतु ते पेशीच्या बाहेरचे आहे. विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंडांना त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. कांजिण्यांचा विषाणू तर शरीरात बहुतांशी एका पेशीतून लगतच्या पेशीत असाच सरकतो, उघड्यावर फारसा येतच नाही. अशा विषाणूला आवर घालण्याचे काम टी पेशींचे, म्हणजे दुसऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे आहे.

मग प्रश्न असा की, विषाणू पेशीच्या आत लपलेला असताना टी पेशीला ते बाहेरून कळते कसे? आपल्या इमारतींत सकाळी दाराबाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यावरून आत काय शिजले ते कळावे, तशी येथे व्यवस्था आहे. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी काही सतत तोडत असते आणि त्यांचे आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे एका विशेष प्रथिनात बसवून स्वतःच्या पृष्ठभागावर मांडत असते. माणसांत या प्रथिनांना एचएलए म्हणतात. निरोगी पेशीवर मांडलेले तुकडे शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे असतात आणि टी पेशी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. पेशीत विषाणू असेल, तर त्याच्या प्रथिनांचे तुकडेही त्या मांडणीत येतात. लाल रक्तपेशी मात्र या व्यवस्थेच्या बाहेर आहेत, कारण त्यांत केंद्रकच नसते.

टी पेशी केवळ परका तुकडा पाहत नाही. तो तुकडा आपल्याच शरीराच्या एचएलएमध्ये बसलेला असेल तरच ती त्याला ओळखते. पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९७४ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हे सिद्ध झाले. एका वंशाच्या उंदराच्या मारक टी पेशींनी त्याच वंशाच्या उंदराच्या विषाणुग्रस्त पेशी मारल्या, परंतु तोच विषाणू असलेल्या दुसऱ्या वंशाच्या पेशींना त्यांनी हात लावला नाही. या शोधासाठी दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मला स्वतःला हा विसाव्या शतकातील जीवशास्त्राचा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो, कारण अवयव प्रत्यारोपणात परका अवयव नाकारला जातो तेव्हा ज्या प्रथिनांवरून तो ओळखला जातो, त्या प्रथिनांचे निसर्गातील खरे काम काय, याचे उत्तर या प्रयोगाने दिले.

संसर्ग झाल्यावर पुढे काय घडते ते क्रमाने पाहू. त्वचेत किंवा श्वासमार्गात असलेल्या डेंड्रिटिक पेशी विषाणूचे अंश उचलतात आणि जवळच्या लसीका गाठीत जातात. जखम झाल्यावर जांघेत किंवा काखेत अवधाण येते, घसा आला की जबड्याखाली गाठी लागतात, त्याचे कारण हेच: या गाठींत हजारो टी पेशी एकामागून एक येऊन डेंड्रिटिक पेशीने मांडलेला तुकडा तपासत असतात. एखादा विशिष्ट तुकडा ओळखणारी टी पेशी आपल्या शरीरात दर लाखात किंवा दर दहा लाखांत एखादीच असते. ती सापडली की गाठीतच थांबते आणि दर काही तासांनी विभागत जाते, एकीच्या हजारो होतात. उंदरांतील प्रयोगांत ही संख्या साधारण आठव्या दिवशी शिखरावर पोचते. माणसांत त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. पहिल्यांदा आलेल्या विषाणूचा ताप उतरायला आठवडा का लागतो, याचे एक मोठे कारण हा विलंब आहे.

तयार झालेल्या मारक टी पेशी गाठीतून बाहेर पडून संसर्गाच्या जागी जातात. विषाणुग्रस्त पेशी सापडली की टी पेशी तिला घट्ट चिकटते, आपल्या आतील कणिका त्या स्पर्शाच्या जागेकडे आणते आणि परफोरिन व ग्रॅन्झाइम ही प्रथिने नेमकी तेवढ्याच फटीत सोडते. परफोरिन पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते, ग्रॅन्झाइम आत जाऊन तिला स्वतःचा नाश करून घ्यायला लावते. शेजारच्या निरोगी पेशीला सहसा इजा होत नाही. मग टी पेशी सुटते आणि पुढच्या विषाणुग्रस्त पेशीकडे जाते. मदतनीस टी पेशी स्वतः सहसा मारत नाहीत; त्या बी पेशींकडून दर्जेदार प्रतिपिंडे तयार करून घेतात, मारक पेशींना बळ देतात आणि इंटरफेरॉन गॅमासारखी रसायने सोडून आसपासच्या पेशींना विषाणूविरुद्ध सज्ज करतात. त्यांच्या मदतीवाचून मारक पेशींची स्मृतीही कच्ची राहते.

संसर्ग आटोक्यात आला की या फौजेतील ९० ते ९५ टक्के पेशी मरून जातात. उरलेल्या स्मृतिपेशी होतात. काही रक्तात आणि गाठींत फिरत राहतात, काही त्वचेत, फुप्फुसांत किंवा आतड्यांत कायमची वस्ती करतात.

सासूबाईंच्या शरीराने लक्षात ठेवले ते हे. त्यांच्या रक्तात कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडे आजही असणार. वृद्धांमध्ये ती बऱ्यापैकी टिकतात. म्हणूनच त्यांना पुन्हा कांजिण्या झाल्या नाहीत. मात्र मज्जातंतूंच्या गाठीतून बाहेर पडू पाहणाऱ्या विषाणूला दाबून ठेवणाऱ्या टी पेशींची संख्या आणि धडाडी वयानुसार कमी होते. टी पेशी जेथे तयार होऊन पारखल्या जातात ती थायमस, म्हणजे यौवनलोपी ग्रंथी, बालपणानंतरच आक्रसू लागते, त्यामुळे नव्या पेशींची भरही म्हातारपणी फारशी पडत नाही. प्रतिपिंडे शाबूत आणि टी पेशी दुबळ्या, या अवस्थेत नागीण उठते. रक्ततपासणीत ‘अँटिबॉडी आहेत’ असा अहवाल आला म्हणजे प्रतिकार पूर्ण आहे, असे मानता येत नाही, हे यापेक्षा स्वच्छपणे दाखवणारा दुसरा आजार मला माहीत नाही.

माधव_पार्ले

शमिकाताई, लेख दोनदा वाचला. कोविडच्या काळात आमच्या सोसायटीत अनेकांनी पदरचे पैसे खर्चून प्रतिपिंडांच्या चाचण्या केल्या होत्या आणि आकडा कमी आला की लोक हवालदिल होत असत. आपल्या विवेचनानुसार त्या आकड्याला कितपत अर्थ होता? आणि टी पेशी मोजणारी चाचणी का उपलब्ध नव्हती?

शमिका_गिरगाव

माधवराव, आकड्याला अर्थ होता, पण मर्यादित. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत झालेल्या रक्तसर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली होती. विषाणू किती पसरला हे समजण्यासाठी ते उत्तम साधन होते. एका व्यक्तीला पुढे किती संरक्षण राहील हे सांगण्यासाठी मात्र तो आकडा अपुरा होता, कारण प्रतिपिंडांची पातळी काही महिन्यांत उतरते आणि स्मृतिपेशी त्यानंतरही राहतात. २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्या लोकांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या. सिंगापूरच्या संशोधकांनी हे २०२० मध्ये प्रसिद्ध केले.

विषाणूचे रूप बदलले की काय होते, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे प्रामुख्याने त्याच्या बाहेरच्या काट्यांच्या काही मोजक्या जागा धरतात. त्या जागा बदलल्या की प्रतिपिंडे निसटतात, आणि ओमिक्रॉनच्या वेळी तेच झाले. टी पेशी मात्र विषाणूच्या आतल्या-बाहेरच्या अनेक प्रथिनांचे तुकडे ओळखतात, शिवाय प्रत्येक माणसाचे एचएलए वेगळे असल्याने प्रत्येकाच्या टी पेशी वेगवेगळे तुकडे धरतात. एवढ्या सगळ्या जागा एकदम बदलणे विषाणूला जमत नाही. लस घेतलेल्या माणसांना ओमिक्रॉनची लागण झाली, तरी गंभीर आजार त्या मानाने कमी झाला, त्यात टी पेशींचा वाटा मोठा मानला जातो. येथे एक गोष्ट स्पष्ट ठेवायला हवी: टी पेशी लागण होऊ देत नाहीत असे नाही. पेशीला लागण झाल्यावरच त्यांना काही दिसते. त्यांचे काम आजार लवकर आवरणे हे आहे.

चाचणीविषयी म्हणाल, तर टी पेशींची एक चाचणी मुंबईकरांनी घरोघरी पाहिलेली आहे. क्षयरोगाचा संशय आला की हाताच्या आतल्या बाजूला त्वचेत टोचून ४८ ते ७२ तासांनी सुजेचा व्यास मोजतात, ती मांटू चाचणी. तेथे उठणारा टणक फुगवटा म्हणजे जुन्या स्मृतिपेशींनी त्या जागी जमवलेली गर्दी असते. तिला दोन-तीन दिवस लागतात, कारण पेशींना गोळा व्हायला वेळ लागतो. क्षयाचा जंतू विषाणू नव्हे, तो जीवाणू आहे, पण तोही पेशीच्या आत राहतो, म्हणून तेथेही टी पेशीच कामाला येतात. विषाणूंसाठी अशी चाचणी करायची तर जिवंत पेशी ताज्या रक्तातून घेऊन त्यांना विषाणूच्या तुकड्यांसमोर ठेवावे लागते आणि त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात का ते पाहावे लागते. हे संशोधनशाळेत नेहमी होते. नाक्यावरच्या प्रयोगशाळेत परवडणारे नाही.

परळचा_डॉक्टर

धागाकर्तीच्या मुख्य मुद्द्याला रुग्णालयातील अनुभवाचा दुजोरा द्यावासा वाटतो. निसर्गाने केलेले दोन प्रयोग आपल्यासमोर आहेत. काही मुलांमध्ये जन्मतःच बी पेशी नसतात आणि प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत. ब्रुटन यांनी १९५२ मध्ये हा विकार प्रथम वर्णिला. अशा मुलांना पू करणाऱ्या जीवाणूंचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात, परंतु गोवर आणि कांजिण्यांतून ती बहुधा इतर मुलांसारखीच बरी होतात. याउलट ज्या मुलांमध्ये टी पेशीच नसतात, त्यांच्यासाठी कांजिण्यांसारखा घरगुती समजला जाणारा आजारही प्राणघातक ठरतो. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा जन्मजात दोषांचे निदान होते. तान्ह्या बाळाला वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब किंवा तोंडात सतत बुरशी होत असेल, तर पालकांनी आणि आम्हा डॉक्टरांनीही या शक्यतेचा लवकर विचार केला पाहिजे. विशेषतः घरात पूर्वी एखादे मूल असेच दगावले असेल तर.

तिसरा पुरावा माणसांनी केलेल्या प्रयोगाचा आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर सायटोमेगॅलो हा शरीरात दडून राहणारा विषाणू उसळतो आणि रुग्ण दगावतो, हा जुना अनुभव. सिएटलमधील रिडेल, ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दात्याच्या रक्तातील त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी बाहेर वाढवून रुग्णांना दिल्या आणि त्या पेशींनी रुग्णाच्या शरीरात टिकून आपले काम केले. नुसत्या टी पेशी देऊन विषाणूविरुद्धचा प्रतिकार एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतो, हे त्यातून दिसले.

दैनंदिन व्यवहारातील एक गोष्टही सांगतो. तरुण माणसाला नागीण झाली, किंवा ती एकाहून अधिक पट्ट्यांत पसरली, तर आम्ही एचआयव्हीची तपासणी सुचवतो. त्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. एचआयव्ही नेमका सीडी४ खुणेच्या मदतनीस टी पेशींत शिरतो आणि त्यांची संख्या वर्षानुवर्षे घटवत नेतो. ती दर घन मिलिमीटरला २०० च्या खाली गेली की एरवी निरुपद्रवी असलेले जंतूही जीवघेणे होतात. नागीण त्याच्या कितीतरी आधी उठू शकते, म्हणून ती वेळेवर मिळालेली सूचना ठरते. सर ज. जी. रुग्णालयात २००४ पासून मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांचे उपचार मिळतात, आणि २०१७ पासून सीडी४ संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे राष्ट्रीय धोरण आहे. नियमित गोळ्या घेणाऱ्यांच्या टी पेशी पुन्हा वाढतात, हे मी माझ्या रुग्णांमध्ये रोज पाहतो.

सुनंदा_गोवंडी

नमस्कार. मी आरोग्य स्वयंसेविका आहे. २०२२ च्या हिवाळ्यात आमच्या गोवंडी भागात गोवराची मोठी साथ आली होती. आम्ही घरोघरी जाऊन पुरळ असलेली मुले शोधत होतो. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली: गोवर उतरलेल्या मुलांना त्यानंतर कितीतरी आठवडे जुलाब, कान वाहणे, छातीत कफ भरणे हे चालूच राहिले. आया विचारत होत्या की गोवर गेला तरी पोर उठत का नाही. डॉक्टरसाहेबांनी आणि ताईंनी टी पेशींच्या अंगाने याचे कारण सांगावे, म्हणजे मला आयांना समजावता येईल.

शमिका_गिरगाव

सुनंदाताई, आपण जे डोळ्यांनी पाहिले ते शास्त्राला शंभर वर्षांपूर्वी प्रथम दिसले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्ये नोंदवले की, ज्या मुलांची क्षयाची त्वचाचाचणी आधी होकारार्थी येत होती, त्यांची तीच चाचणी गोवर झाल्यावर काही काळ नकारार्थी येते. मी वर मांटू चाचणीविषयी लिहिले आहे. ती टी पेशींच्या स्मृतीची चाचणी आहे. म्हणजे गोवरात ही स्मृतीच मुकी झाली होती.

कारण पुढे उलगडले. गोवराचा विषाणू सीडी१५० नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो आणि हे प्रथिन स्मृतिपेशींवर भरपूर असते. म्हणजे जुने आजार लक्षात ठेवणाऱ्या टी आणि बी पेशींनाच तो लागण करतो. मग गोवराविरुद्ध तयार झालेल्या नव्या टी पेशी या विषाणुग्रस्त स्मृतिपेशींना मारून टाकतात. मूल गोवरातून बरे होते आणि गोवराविरुद्ध त्याला जन्मभराचा प्रतिकार मिळतो, परंतु इतर जंतूंची आठवण पुसली जाते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोवरापूर्वी असलेल्या प्रतिपिंडांच्या विविधतेपैकी ११ ते ७३ टक्के विविधता गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. हे मूल पुन्हा तान्ह्या बाळासारखे होते आणि त्याला जुन्या जंतूंशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. त्यासाठी महिने जातात, कधी वर्षेही.

आयांना एवढेच सांगावे: लशीतला गोवराचा विषाणू दुबळा केलेला असतो आणि तो ही आठवण पुसत नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानचा, असे दोन्ही डोस घेतले तर मूल गोवरापासून वाचते आणि त्यामागून येणाऱ्या न्यूमोनिया-जुलाबांपासूनही. ज्या मुलाला गोवर झालाच आहे, त्याला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी मिळाले पाहिजेत, आणि नंतरचे काही महिने साध्या तापाकडेही दुर्लक्ष होऊ नये. आपण उन्हातान्हात गल्ल्या पालथ्या घालून जी मुले शोधलीत त्यांच्यासाठी हा पाठपुरावा औषधाइतकाच मोलाचा आहे.

विवेक_मुलुंड

चर्चा फार उपयुक्त चालली आहे. मला एका गोष्टीचा खुलासा हवा आहे. जर टी पेशी इतक्या महत्त्वाच्या, तर त्यांची संख्या आणि जोर वाढवणे हेच आपले ध्येय असावे काय? बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून अनेक चूर्णे आणि काढे मिळतात. त्यांचा दावा तत्त्वतः तरी योग्य आहे का?

शमिका_गिरगाव

नाही, तत्त्वतःही योग्य नाही. टी पेशी जितक्या जोरदार तितके बरे, हे गृहीतकच टिकत नाही.

हिपॅटायटिस बी चे उदाहरण घ्या. हा विषाणू यकृताच्या पेशीत राहतो, पण स्वतः तिला फारसा मारत नाही. डोळे पिवळे होतात, यकृताला सूज येते, ती मुख्यतः टी पेशींनी विषाणुग्रस्त यकृतपेशींवर केलेल्या हल्ल्यामुळे. प्रौढ माणसात हा हल्ला जोरदार असतो. तो कावीळ भोगतो आणि शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक जण विषाणूपासून मुक्त होतात. नवजात बाळाला आईकडून लागण झाली तर टी पेशी विषाणूला जवळजवळ हरकत घेत नाहीत. बाळ हसते-खेळते राहते, आणि अशा सुमारे ९० टक्के बाळांमध्ये विषाणू कायमचा मुक्काम करतो, ज्याची किंमत पुढे यकृताच्या कर्करोगापर्यंत जाऊ शकते. जन्मल्यानंतर २४ तासांत दिल्या जाणाऱ्या लशीचे महत्त्व यातच आहे. एकच विषाणू, आणि आजाराचे रूप ठरवणारी गोष्ट म्हणजे टी पेशींचे वर्तन.

म्हणून शरीराने टी पेशींवर अनेक लगाम ठेवले आहेत. थायमसमध्ये स्वतःच्याच शरीराला धरणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्या जातात. तेथे तयार होणाऱ्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक बाहेर पडण्याआधीच मरतात. त्यातूनही सुटलेल्यांवर नियामक टी पेशींची देखरेख असते. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी ओळखल्या, मेरी ब्रंकाओ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्या मागचे जनुक शोधले, आणि तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. आणखी एक लगाम पीडी-१ या प्रथिनाचा. विषाणू महिनोन्‌महिने हटत नसेल तर त्याच्याशी झुंजणाऱ्या टी पेशींवर हे प्रथिन वाढते आणि त्या थकल्यासारख्या मंदावतात. विषाणू त्यामुळे टिकतो हे खरे, पण अवयवाची नासाडीही थांबते.

मला यातला सर्वांत विलक्षण भाग मज्जातंतूंच्या पेशींचा, म्हणजे मज्जापेशींचा वाटतो. त्वचेची पेशी मारली तर दुसरी येते. मज्जातंतूची पेशी गेली ती गेली. ओठावर तापाचे फोड (‘जर’) उठवणारा हर्पिसचा विषाणूही मज्जातंतूंच्या गाठीत दडतो, आणि उंदरांतील अभ्यासात असे दिसले की मारक टी पेशी तेथे संसर्गित मज्जापेशीला बिलगून बसतात, ग्रॅन्झाइम सोडतात, ते विषाणूचे एक आवश्यक प्रथिन तोडते, विषाणू पुन्हा निपचित होतो आणि मज्जापेशी जिवंत राहते. जे शस्त्र त्वचेत प्राण घेते तेच येथे केवळ दाब ठेवते. कोणताही काढा असा विवेक वाढवू शकत नाही. पुरेसे खाणे, झोप, मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि वेळेवर लस घेणे, यांपलीकडे निरोगी माणसाने टी पेशींसाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही.

परळचा_डॉक्टर

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. एक जोड देतो: संधिवातासाठी स्टेरॉइड किंवा टोफासिटिनिबसारखी औषधे घेणाऱ्यांमध्ये नागीण अधिक दिसते, कारण ही औषधे टी पेशींनाच आवर घालतात. अशा रुग्णांनी औषधे परस्पर बंद करू नयेत; औषध सुरू करण्यापूर्वीच लशीबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

ज्योत्स्ना_दादर

माझे वय ६४ आहे आणि धागा वाचून लस घेण्याचे मनात आले आहे. नागिणीची लस महाग आहे, म्हणून नीट समजून घ्यायचे आहे. ज्यांच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे आहेत त्यांना लशीने काय मिळते? शमिका, तुमच्या सासूबाईंना आता ती देता येईल का? आणि आमच्याकडे दीड वर्षाची नात असते. नागीण झालेल्या माणसाजवळ तिला नेले तर चालते का?

शमिका_गिरगाव

ज्योत्स्नाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर या लशीच्या रचनेतच आहे. २००६ मध्ये आलेल्या जुन्या लशीत कांजिण्यांचाच दुबळा केलेला जिवंत विषाणू होता, आणि साठीच्या पुढच्या लोकांत तिने नागिणीचे प्रमाण सुमारे निम्म्याने कमी केले. भारतात २०२३ पासून मिळणाऱ्या शिंग्रिक्स या लशीत जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या आवरणावरचे एकच प्रथिन आहे, आणि त्याबरोबर टी पेशींना जागे करणारे एक सहायक मिश्रण आहे, ज्यातला एक घटक चिलीमधील एका झाडाच्या सालीतून काढतात. या मिश्रणामुळे वृद्धांमध्येही मदतनीस टी पेशी जोमाने वाढतात. मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांत तिची परिणामकारकता ९७ टक्के आणि सत्तरीपुढच्यांत सुमारे ९० टक्के आढळली. ही लस आपल्याला प्रतिपिंडांसाठी नव्हे, टी पेशींसाठी घ्यायची आहे. दोन डोस असतात, त्यांत दोन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवतात. दंड दुखणे, कणकण, एक-दोन दिवस अंग मोडून येणे हे बऱ्याच जणांना होते, त्याची तयारी ठेवावी. खर्च खरोखरच मोठा आहे. पण नागिणीची कळ मी घरात पाहत आहे, ती नागीण गेल्यावरही महिनोन्‌महिने राहू शकते, आणि माझे मत विचाराल तर साठीनंतर ज्यांना शक्य आहे त्यांनी हा खर्च करावा.

सासूबाईंना सध्या नाही. फोड पूर्ण वाळून आजार शमल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येईल. एकदा नागीण झाली म्हणून ती पुन्हा होणारच नाही असे नाही.

नातीविषयी: नागीण झालेल्या माणसाकडून दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो आणि ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत व लसही दिलेली नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. फोडांवर खपली धरेपर्यंत ते स्वच्छ कापडाने झाकून ठेवावेत, टॉवेल आणि चादर वेगळी ठेवावी, आणि तोपर्यंत नातीला त्यांच्या मांडीवर देऊ नये. तिची कांजिण्यांची लस झाली आहे का, हे तिच्या बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारा. ती सरकारी वेळापत्रकात नसल्याने राहून गेलेली असू शकते.